अफवेला सिमकार्ड लागत नाही

"मोबाईल आला अन् लोकं येडे झाले जी." नागपूरजवळच्या सावनेरच्या कुठल्याही पानठेल्यावर थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. तीच गोष्ट नागपूरच्या परिसंवादात जरा इस्त्री करून सांगतात: समाजमाध्यमांनी समाजमन बिघडवलं. ठेल्यावरचा माणूस आणि व्यासपीठावरचा वक्ता या एका बाबतीत अगदी एकमतानं चुकतात. दोघांची समजूत अशी की निरोप फोनमध्ये येतो, फोनमधून डोक्यात शिरतो आणि डोक्यातून थेट हातात उतरतो. मधल्या माणसाचा काही संबंधच नाही.

पुरावा मागितला की पहिलं नाव राईनपाड्याचं निघतं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई आधीच पसरलेली होती. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाचही जण मेले. दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच मथळा चालला: व्हॉट्सअॅपचे बळी.

निरोप फिरत होते, हे खरंच. त्या वर्षी देशात सर्वांत जास्त फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. दुचाकीवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि लगेच परत आणून ठेवतात, असं ते दृश्य. कुणीतरी शेवटचा परत आणण्याचा भाग कापला आणि उरलेला तुकडा आपल्याकडचा म्हणून सोडून दिला.

पण मग मालेगावचं काय करायचं? त्याच दिवशी, त्याच अफवेनं, मालेगावात जमाव जमला. दोन वर्षांच्या मुलासह पाच जण त्याच्या तावडीत सापडले होते. तिथे पोलीस वेळेवर मध्ये पडले आणि पाचही जण वाचले. निरोप तोच आणि फोनही तसलेच. आणि ज्या असंख्य लोकांनी तो निरोप वाचला, पुढे ढकलला आणि जेवायला बसले, त्यांचा हिशोब कुठे लागतो? फोनच माणसाला खुनी करत असेल, तर त्या आठवड्यात आपल्या तालुक्यातही काही घडायला हवं होतं.

राईनपाड्याला मेले ते भटके होते, ही बाब मथळ्यातून गळाली. दाराशी आलेला अनोळखी भटका म्हणजे चोर, पोरं उचलणारा, हे आपल्याकडे कुणालाही फोनवर शिकावं लागत नाही. "झोप, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल" हे आजीकडून ऐकूनच आपण मोठे झालो. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून 1952 मध्ये पुसला गेला. कायद्याच्या यादीत सगळ्या भटक्या जमाती नव्हत्या, पण संशय मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला. 2018 मध्ये फोननं त्या संशयाला फक्त तारीख आणि जागा पुरवली.

धुळ्याच्या सत्र न्यायालयानं राईनपाड्याच्या खटल्यात 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. सातही माणसं होती, त्यात एकही ॲप नव्हतं. "व्हॉट्सअॅपनं मारलं" या वाक्यावर माझा खरा राग आहे तो यासाठी. त्या वाक्यात कर्ता बदलतो. मारणारे सुटतात, बघत उभे राहिलेले सुटतात, निरोप पाठवणारा मेहुणा सुटतो आणि खापर फुटतं ते ज्याला हातपाय नाहीत त्याच्यावर.

बरं, मोबाईलच्या आधी अफवा बैलगाडीनं फिरत होत्या काय? 21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध पितो, ही बातमी पहाटे दिल्लीत उठली आणि दिवस मावळायच्या आत देशभरच नव्हे, पार लंडनच्या देवळांपर्यंत पोहोचली. भारतातला पहिला मोबाईल कॉल लागून तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते; तो 31 जुलैला कलकत्त्यातून लागला होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्टला सुरू झालं, तेही मोजक्या महानगरांत. म्हणजे सगळा कारभार घरच्या काळ्या फोनवर, पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर आणि दारातून दारात झाला. दूध कुठे गेलं, हे शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दुधात रंग मिसळून दाखवलं: पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली ओघळतं. तरी रांगा हलल्या नाहीत. कारण सांगणारा शास्त्रज्ञ टीव्हीवर होता आणि "मी स्वतः पाजलं" म्हणणारी काकू समोर उभी होती.

त्याच्याही आधी पोस्टकार्ड होतं. संतोषी मातेच्या नावानं यायचं: अशी अकरा पत्रं लिहा, लाभ होईल, फाडलंत तर घरात अघटित घडेल. आजचा "दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल" हा त्याचाच नातू. फरक एवढाच की आजोबांना अकरा वेळा हातानं लिहावं लागे.

माध्यम थेट माणसाच्या डोक्यात शिरतं, ही कल्पना मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. जनसंवाद शिकणाऱ्या मुलांना ती इंजेक्शनच्या सुईचा सिद्धांत म्हणून पहिल्याच काही तासांत शिकवतात आणि पुढच्याच तासांत मोडून दाखवतात. आपण मात्र पहिला तास करून घरी आलेलो दिसतो. तिचं लाडकं उदाहरण अमेरिकेतलं. 30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्सनं रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक केलं आणि म्हणे सारा देश घर सोडून रस्त्यावर धावला. प्रत्यक्षात त्याच रात्री श्रोत्यांची मोजणी करणाऱ्या हूपर संस्थेनं सुमारे 5,000 घरांत फोन करून रेडिओवर काय ऐकताय म्हणून विचारलं होतं. ते नाटक ऐकणारे निघाले 2 टक्के. देश हादरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी रंगवल्या. रेडिओ तेव्हा त्यांच्या जाहिराती पळवत होता. नव्या माध्यमाविषयीची भीती बहुधा जुनं माध्यमच विकतं.

दोन वर्षांनी, 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत, पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी परगण्यात लोकांना पुन्हा पुन्हा भेटून मत कसं ठरतं ते तपासलं. रेडिओ-वर्तमानपत्रांचा थेट परिणाम अपेक्षेपेक्षा फार कमी निघाला. ओळखीतला, जरा जास्त वाचणारा, ज्याचं ऐकतात असा एखादा माणूस मधे असे. माध्यमातलं त्याच्याकडे जाई आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे. आपल्या घरच्या ग्रुपवर हा माणूस कोण, हे मी सांगायची गरज नाही. बातमीवर विश्वास बसतो तो भाऊजींनी पाठवली म्हणून. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत, ते कशाला खोटं पाठवतील?

माणूस अफवा का उचलतो, याचं सर्वांत मार्मिक उत्तर तर भारतातूनच गेलं. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्के बसले पण पडझड झाली नाही, तिथल्या लोकांत याहून भयंकर संकटं येणार असल्याच्या वार्ता जोरात होत्या. लिऑन फेस्टिंगरनं 1957 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हीच माहिती वापरली. त्याचं म्हणणं असं: लोक आधीच घाबरलेले होते, पण डोळ्यांसमोर मोडलेलं काहीच दिसत नव्हतं. त्या भीतीला शोभेल असं कारण हवं होतं आणि ते अफवेनं दिलं. अफवेमुळे भीती, हा क्रम आपण धरून चालतो. इथे तो उलटा निघाला.

एवढं ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "तेच म्हणतो मी, फोन काय, साधं हत्यार आहे, वापरणाऱ्यावर असतं." हेही खरं नाही, आणि कंपन्यांना हे वाक्य फार आवडतं. हत्याराची घडण माणसाचा हात वळवते. जुलै 2018 मध्ये, राईनपाड्यानंतर, व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची अट आली. त्यानंतर अशा निरोपांची पाठवणी 70 टक्क्यांनी घटली, असं कंपनीनंच सांगितलं. माणसं तीच आणि त्यांचे स्वभावही तेच. बटण जरासं जड झालं एवढंच. मग ते आधी इतकं हलकं का ठेवलं होतं, हा प्रश्न कंपनीला विचारायचा असतो. फोनला शिव्या देऊन तो विचारला जात नाही.

आणि "हे सगळं संगणकी खाती करतात" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: एमआयटीच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे 1 लाख 26 हजार वार्ता तपासल्या. तो अभ्यास 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली. यंत्रं चालवत असलेली खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगानं पसरवत होती. खोट्याला जास्तीची ढकल दिली ती तुमच्या-माझ्यासारख्यांनी.

फोनविना जगणारी अफवा बघायला लांब जायला नको. विदर्भात अजूनही दहाचं नाणं पुढे केलं की काही दुकानदार हात मागे घेतात. रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये खुलासा केला, जानेवारी 2018 मध्ये पुन्हा केला: दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघाले होते, चौदाही चलनात होते. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलंही खरं. मूळ निरोप कधीचा गाडला गेला. तरी दुकानदार म्हणतो, "खोटं नाही जी, पण पुढं कोणी घेत नाही नं." तो मूर्ख नाही. नाणं खरं आहे हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला ठाऊक आहे आणि पलीकडच्या किराणावाल्यालाही ठाऊक आहे. प्रत्येकाला फक्त दुसऱ्याची खात्री नाही. या अफवेवर आता कोणाचाच विश्वास नाही आणि तरी ती बाजारात चालते. उद्या साऱ्या सावनेरचे फोन कोलार नदीत बुडवले तरी हे नाणं गल्ल्यात परत येणार नाही.

राहिलेले गैरसमज भराभर उरकतो.

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो आणि मग जाहिरात दाखवतो: अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17,260 अँड्रॉइड ॲप तपासली, एकही गुपचूप आवाज पाठवताना सापडलं नाही. काही ॲप मात्र पडद्यावर आपण काय करतो त्याची चित्रं बाहेर पाठवताना सापडली. आवाजाची गरजच काय. कुठे गेलात, काय शोधलंत, कुणाबरोबर राहता, हे आपण आधीच दिलेलं असतं.

पाचजीच्या टॉवरमुळे कोरोना: दूरसंचार विभागानं मे 2021 मध्ये जाहीर केलं की देशात तोवर पाचजीच्या चाचण्याही सुरू झाल्या नव्हत्या. सेवा आली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. साथीची तिसरी लाटही तोवर ओसरली होती.

आजकालच्या पोरांना सगळं समजतं: बोटं भराभर चालतात, तेवढंच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2016 च्या पाहणीत अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधल्या 80 टक्क्यांहून जास्त मुलांना, वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असूनही, जाहिरात आणि बातमी वेगळी काढता आली नाही.

तळाशी पु. लं.चं नाव आहे म्हणजे ते पु. लं.चंच: राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी ज्या सावनेरात देह ठेवला, तिथे तरी हे कुणी बोलू नये. लेखक कोण हे पुस्तक सांगतं, ग्रुप सांगत नाही.

तीन टिक निळ्या झाल्या म्हणजे सरकारनं वाचलं: टिक दोनच असतात. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानंही हा दावा खोटा ठरवला आहे.

आणि सदस्यानं काहीही टाकलं तरी अॅडमिन तुरुंगात जातो, ही आपल्याकडची सर्वांत टिकाऊ समजूत. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं: सदस्याशी संगनमत नसेल, तर त्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. अॅडमिन सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो. मजकूर येण्याआधी तो तपासणं त्याच्या हातात नाही. नागपूर सावनेरहून तासाभराच्या अंतरावर. तरी "आज रात्री बारापासून अॅडमिनवर कारवाई, कृपया धार्मिक-राजकीय पोस्ट टाकू नये" हा निरोप दर निवडणुकीला उगवतो, आणि बहुतेक वेळा तो अॅडमिननंच टाकलेला असतो.