ऑक्सफर्डचे मुद्रणालय आणि विद्वद्ग्रंथांचा खर्च

ज्या ग्रंथाला दोन-तीनशेच वाचक लाभण्याचा संभव, त्याच्या छपाईचा भार कोणी सोसावयाचा, हा विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेपुढील मूळ प्रश्न होय. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ऑक्सफर्ड येथे छापलेले पहिले पुस्तक १४७८ चे. त्यावर सन मात्र १४६८ असा पडला; रोमन अंकांतील दहाचे एक चिन्ह गळाले होते. तेवढ्यावरून पुढे कॅक्स्टनच्याही आधी ऑक्सफर्डला मुद्रण सुरू झाल्याचा दावा करण्यात आला! आरंभीचे मुद्रक खाजगी व्यावसायिकच होते. १६३६ च्या राजसनदेने विद्यापीठाला सर्व प्रकारची पुस्तके छापण्याचा हक्क मिळाला व त्यात बायबलही आले. परंतु विद्यापीठाने प्रथम केले काय, तर हा हक्क न वापरण्याबद्दल लंडनच्या पुस्तकव्यावसायिकांच्या संघाकडून वर्षाला २०० पौंड घेतले.

हे चित्र पालटले ते जॉन फेल याने. १६७२ मध्ये त्याने तीन सहकाऱ्यांसह मुद्रणालय चालवावयास घेतले, हॉलंडहून खिळे व मातृका आणविल्या आणि प्राचीन ग्रंथांच्या संपादित आवृत्त्यांची योजना आखली. असे ग्रंथ खपत नसत, बायबल खपे. धर्मग्रंथाच्या विक्रीवर विद्वद्ग्रंथ पोसावयाचे, ही घडी पुढे दीर्घकाळ टिकली.

कोणता ग्रंथ छापावा हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाने नेमलेल्या विद्वानांच्या मंडळाकडे असतो. इंग्रजी शब्दकोशाची कसोटी या मंडळाला फार जड गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याशी करार झाला तेव्हा दहा वर्षांत काम संपेल असा अंदाज होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये वारले आणि कोश पुरा झाला १९२८ मध्ये. मंडळाने तगादे लावले, कुरकुर केली. काम मात्र सोडले नाही. याच मुद्रणालयाने मॅक्स म्यूलर यांच्या संपादकत्वाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांची ५० खंडांची माला काढली. तिच्या आठव्या खंडात (१८८२) भगवद्गीतेचे भाषांतर आहे, ते मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे.

१९१२ मध्ये मुंबईस शाखा निघाली. बायबलच्या जोडीला शालेय पुस्तके व लहान कोश हे उत्पन्नाचे नवे साधन झाले. १९८९ मध्ये ऑक्सफर्डमधील छापखाना बंद झाला; प्रकाशन तेवढे उरले. १९९८ मध्ये खप नाही म्हणून समकालीन कवितेची माला बंद करण्याचे जाहीर होताच मोठी टीका झाली. हिशेबाने तो निर्णय बरोबर असेलही. पण जो शब्दकोश पुरा व्हावयास ४९ वर्षे लागली, त्याचा हिशेब कोणत्या वर्षी जुळला असता?