तार्किक फंक्शन (स्प्रेडशीट)

स्प्रेडशीटच्या सूत्रात एखादे विधान सत्य आहे की असत्य हे तपासून त्यानुसार उत्तर देणाऱ्या फंक्शनला तार्किक फंक्शन म्हणतात. इफ, अँड, ऑर आणि नॉट ही त्यांतील प्रमुख होत. त्यांमागील द्विमूल्यी तर्काला बीजगणिताचे रूप इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८४७ आणि १८५४ सालच्या ग्रंथांतून दिले.

अँडचे उत्तर सर्व अटी पूर्ण झाल्या तरच सत्य येते; ऑरला एक अटही पुरते; नॉट उत्तर उलटवते. इफमध्ये अट, ती पूर्ण झाल्यास द्यावयाचे उत्तर व न झाल्यास द्यावयाचे उत्तर असे तीन भाग असतात. बी२ या सेलमध्ये गुण असल्यास निकालाचे सूत्र असे होते (प्रत्यक्षात फंक्शनचे नाव रोमन लिपीत लिहितात) :

=इफ(बी२>=३५, "उत्तीर्ण", "अनुत्तीर्ण")

सूत्र निर्दोष दिसते. पण मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये तुलना करताना मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. त्यामुळे गुणांच्या जागी "गैरहजर" लिहिलेला विद्यार्थी चक्क उत्तीर्ण ठरतो. तीच जागा रिकामी ठेवली, तर ती शून्य धरली जाऊन तो अनुत्तीर्ण होतो. दोन्ही वेळा त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून मोठ्या निकालपत्रकात ही चूक सहज निसटते.

यासाठी सेलमध्ये संख्याच आहे ना, हे इझनंबर या फंक्शनने आधी तपासतात :

=इफ(इझनंबर(बी२), इफ(बी२>=३५, "उत्तीर्ण", "अनुत्तीर्ण"), "तपासा")

या दोन अटी अँडने जोडून एकाच इफमध्ये घातल्यास गैरहजर विद्यार्थी अनुत्तीर्णांत जातो. म्हणून येथे इफच्या आत दुसरे इफ आवश्यक ठरते.