पडद्यावरचा पोत

मराठीत 'पोत' हा शब्द जमिनीलाही लागतो आणि कापडालाही. ढेकूळ हाताने चुरून शेतकरी मातीचा पोत सांगतो, पदरावरून बोट फिरवून बाई लुगड्याचा पोत सांगते. व्हिडिओ गेमच्या चित्रकामात ज्याला टेक्स्चर म्हणतात तो हाच पोत. मात्र तो हाताला कधीच लागत नाही, डोळ्यांनाच पटावा लागतो. गेममधली भिंत म्हणजे त्रिकोणांची पोकळ जाळी असते. तिचा दगड, माती किंवा पत्रा होतो तो तिच्यावर चढवलेल्या टेक्स्चरमुळे. म्हणून या कलेत सॉफ्टवेअरच्या आधी पृष्ठभाग वाचायला शिकावे लागते. त्या वाचनासाठी बीड जिल्ह्यात भरपूर सामग्री आहे: बालाघाटाच्या रांगांतला काळा बेसॉल्ट, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, माळवदाची घरे, गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, बीडचे कंकालेश्वर मंदिर, सोळाव्या शतकातली खजाना बावडी, धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी.

या तंत्राला अर्धशतक झाले. एड कॅटमल यांनी 1974 मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात संगणकावरच्या वक्र पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत मांडली. 1978 मध्ये जिम ब्लिन यांनी पृष्ठभागाचा आकार न बदलता, केवळ प्रकाशाचे गणित बदलून खाचखळगे भासवण्याची युक्ती दाखवली. 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामानंतर केन पर्लिन यांना संगणकाची चित्रे फार गुळगुळीत वाटू लागली. त्यातून त्यांनी घडवलेले, पर्लिन नॉइज म्हणून ओळखले जाणारे सूत्र 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. ढग, लाकडाच्या रेषा, संगमरवराच्या शिरा अशा नैसर्गिक अनियमितपणासाठी ते आजही वापरतात.

आज एक टेक्स्चर म्हणजे एकच चित्र नसते. एकाच पृष्ठभागाचे अनेक नकाशे असतात आणि प्रत्येक नकाशा प्रकाशाच्या एका प्रश्नाचे उत्तर देतो. मूळ रंगाचा नकाशा सावली आणि चमक वगळून वस्तूचा खरा रंग सांगतो. रफनेस नकाशा पृष्ठभाग किती खरखरीत आहे ते सांगतो, आणि त्यावरून प्रकाश पसरणार की चमकणार हे ठरते. मेटॅलिक नकाशा धातू कुठे आहे ते दाखवतो. नॉर्मल नकाशा बारीक उंचसखलपणाची दिशा धरतो, तर हाइट नकाशा प्रत्यक्ष उंची. या पद्धतीला भौतिक नियमांवर आधारलेले रेंडरिंग म्हणतात. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी 2012 मध्ये तिची सोपी मांडणी केली आणि काही वर्षांत गेम उद्योगाने ती उचलली. दगड, माती, लाकूड समोरून पाहिले तर त्यांच्या पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्केच प्रकाश थेट परततो. पितळेच्या घंटेवरून त्याहून कितीतरी जास्त परततो, आणि तोही पितळेचाच रंग घेऊन. हा फरक समजला की पितळ नुसते पिवळे रंगवून पितळ का दिसत नाही हे उमगते.

चित्र मॉडेलवर बसवण्याआधी मॉडेल उलगडावे लागते. खोक्याच्या कडा कापून पुठ्ठा जमिनीवर सपाट पसरावा, तसे त्रिमितीय आकाराचे सपाट तुकडे करतात. याला यूव्ही उलगडणे म्हणतात. यात शिंप्याची नजर लागते: शिवण दिसणार नाही अशा जागी घ्यायची, तुकडा ताणायचा नाही आणि कापड वाया घालवायचे नाही. सगळ्या वस्तूंवर चित्राची घनताही सारखी हवी. मीटरला 1024 पिक्सेल असे माप धरले, तर 2048 पिक्सेलचे चौरस चित्र 2 मीटर भिंत झाकते. 10 मीटर लांब आणि 4 मीटर उंच भिंतीवर ते आडवे पाच वेळा आणि उभे दोन वेळा येते. शेजारच्या दाराचे माप याहून कमी असेल, तर दार धूसर आणि भिंत रेखीव दिसते आणि दृश्य फसते.

दगडाचे टेक्स्चर प्रत्यक्षात कसे घडते ते कंकालेश्वरावर पाहता येते. हे मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. तिथे एकाच काळ्या दगडाच्या दोन अवस्था शेजारीशेजारी दिसतात. कोरडा दगड करडा आणि निस्तेज असतो. ओला झाला की तोच दगड काळाभोर होतो आणि चमकू लागतो. पाणी बारीक छिद्रांत भरल्याने प्रकाश आत अडकतो, म्हणून रंग गडद होतो. वरचा पाण्याचा थर गुळगुळीत असतो, म्हणून चमक येते. टेक्स्चर करणाऱ्याने ओला भाग दाखवताना मूळ रंग गडद करायचा आणि रफनेसही कमी करायचा. दोन्हींपैकी एकच केले, तर दगड ओला न दिसता डाग पडल्यासारखा दिसतो.

टेक्स्चरसाठी अशा दगडाचे फोटो घ्यायला आषाढ-श्रावणातला ढगाळ दिवस उत्तम, कारण तेव्हा प्रकाश सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या पडत नाहीत. भर उन्हात घेतलेल्या फोटोत सूर्याची सावली मूळ रंगातच चिकटून बसते, आणि गेममध्ये रात्र झाली तरी ती हटत नाही. कॅमेरा भिंतीला समांतर धरायचा, एक्स्पोजर कायम ठेवायचे, चौकटीच्या कडेला मोजपट्टी ठेवायची. त्रिमितीय नोंद हवी असेल, तर प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग यावा. अशा फोटोंवरून मेशरूमसारखे मोफत सॉफ्टवेअर पृष्ठभागाची उंची काढते आणि त्यातून नॉर्मल व हाइट नकाशे तयार होतात.

पुढचे काम सलगतेचे: चित्र शेजारीशेजारी पुन्हा लावले तरी सांधा दिसू नये. चित्र रुंदीच्या आणि उंचीच्या निम्म्याने सरकवले की चारही कडांचे सांधे मधोमध येतात. मग ते सांधे आजूबाजूच्या दगडातूनच तुकडे उचलून मिटवायचे. इथे डोळा फसतो तो ठळक खुणांवर. एखादा पांढरा डाग किंवा शेवाळाचा ठिपका एका चित्रात सुंदर दिसतो, पण पाच वेळा ओळीने आला की भिंत छापील कागद वाटते. अशा खुणा मूळ टेक्स्चरमधून काढून टाकतात आणि मग हव्या त्या जागी वेगळ्या थराने लावतात.

काही पृष्ठभाग फोटोपेक्षा सूत्राने चांगले साधतात. काळी माती हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. आधी मोठ्या भेगा पडून जमिनीचे वेडेवाकडे तुकडे होतात, मग प्रत्येक तुकड्यात बारीक भेगा येतात. स्टीव्हन वर्ली यांनी 1996 मध्ये मांडलेले पेशींच्या रचनेचे सूत्र नेमके असेच तुकडे पाडते. त्याच्या सरळ कडा पर्लिन नॉइजने वाकवल्या, मोठ्या जाळीत लहान जाळी मिसळली आणि भेगांच्या तळाशी ओलसर काळा रंग दिला, की माती खरी वाटू लागते. भेगांची रुंदी एका आकड्याने बदलते, त्यामुळे एकाच सूत्रातून फाल्गुनाची जमीनही मिळते आणि वैशाखाचीही.

पृष्ठभागावर वस्तूचा इतिहास लिहिलेला असतो, आणि टेक्स्चर करणाऱ्याचे खरे कसब तो लिहिण्यात आहे. देवळाची दगडी पायरी जवळून पाहावी. मधोमध पावलांनी दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो, दोन्ही टोकांना छिन्नीचे घाव अजून टोकदार असतात. सांध्यात धूळ साचते आणि तेल सांडलेल्या जागी ती चिकटून काळी पडते. शेणाने सारवलेल्या भिंतीवर हाताच्या फेऱ्यांची अर्धवर्तुळे उमटतात, कारण सारवणारीचा हात खांद्यापासून फिरतो. त्यांचा व्यास हाताच्या लांबीवरून ठरतो. तो चुकला तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण भिंत खोटी वाटते. गंज पत्र्याच्या कडांना आणि खिळ्यांच्या भोकांना आधी धरतो, मग पाण्याबरोबर खाली ओघळतो. प्रत्येक डागाला कारण हवे. कारण नसलेला डाग म्हणजे नुसती घाण.

एवढे सगळे यंत्राच्या स्मृतीत मावायलाही हवे. 2048 पिक्सेलचे एक चौरस चित्र लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता या चार वाहिन्यांसह 16 मेगाबाइट जागा घेते. दूरच्या वस्तू लुकलुकू नयेत म्हणून त्याच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रतीही साठवतात. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मांडलेल्या या पद्धतीला मिपमॅप म्हणतात आणि तिने जागा एक तृतीयांशाने वाढते. ग्राफिक्स कार्डाला थेट वाचता येणारे बीसी7 दाबतंत्र वापरले, की मूळ चित्र 4 मेगाबाइटवर येते. मोबाइलवरच्या गेमला हा हिशेब आणखी काटेकोरपणे करावा लागतो.

शिकण्याचा क्रम साधा आहे. आधी स्केचवहीत पृष्ठभागांच्या नोंदी, मग एक सलग दगड, मग सूत्राने केलेली माती, शेवटी गंज-धूळ-झीज असलेली एक पूर्ण वस्तू. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उलगडणे, रंगवणे आणि सूत्रे हे सगळे होते. मटेरियल मेकर मुख्यतः सूत्रांसाठी आहे, चित्र दुरुस्तीला गिम्प किंवा क्रिता पुरते. उद्योगात सबस्टन्स पेंटर आणि सबस्टन्स डिझाइनर ही सॉफ्टवेअर रूढ आहेत. ती करणारी अलेगोरिदमिक ही फ्रेंच कंपनी 2019 मध्ये अडोबीने घेतली. रंगाचा नकाशा एसआरजीबी या पडद्याच्या रंगमापात आणि रफनेस, नॉर्मल हे नकाशे लिनियर, म्हणजे आकडे जसेच्या तसे, ठेवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. तो चुकला तर बाकीचे सगळे बरोबर असूनही पृष्ठभाग चुकीचा दिसतो.

या कामाला महाराष्ट्रात जागा आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात 2008 पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम अनरिअल इंजिनवर घडवून जगासमोर आणला आणि त्यात भारतीय वास्तूंचे दगड, रंग आणि भित्तिचित्रे उभी केली. तयार टेक्स्चरच्या मोठ्या संग्रहांत युरोपातले खडक आणि विटा मुबलक मिळतात. दख्खनचा तासलेला बेसॉल्ट, माळवद, पांढऱ्या मातीची गढी मात्र इथल्याच कुणीतरी निरखून घडवावी लागेल.

झालेले टेक्स्चर तपासण्याची शेवटची पायरी गेम इंजिनात होते. ते सकाळच्या तिरप्या उन्हात, भर दुपारी, ढगाळ प्रकाशात आणि दिव्याखाली पाहतात. हाताच्या अंतरावरून आणि पन्नास पावलांवरूनही पाहतात. या सगळ्या प्रकाशांत आणि अंतरांवर दगड दगडच राहिला, की टेक्स्चर पूर्ण झाले.