बाळंतपण समजून घेताना – भाग ९ : पाच सेंटीमीटरच्या अलीकडे

गेल्या भागात आपण खऱ्या आणि खोट्या कळांमधला फरक पाहिला. या आठवड्याचा प्रश्न त्याच्या पुढचा आणि जास्त छळणारा. कळा खऱ्या आहेत, बाई रुग्णालयात दाखल झाली आहे, आणि तासन्‌तास गाडी जागची हलत नाही.

नवी मुंबईतल्या कुठल्याही प्रसूती विभागाबाहेरच्या बाकांवर हे पाहायला मिळतं. कोपरखैरण्याची पहिलटकरीण पहाटे कळा सुरू झाल्या म्हणून सकाळी सातला रिक्षाने वाशीत येते. तपासून डॉक्टर सांगतात, "दोन बोटं आहे, वेळ लागेल." संध्याकाळी सहाला पुन्हा तपासणी होते. उत्तर तेच, "दोन बोटं." बाहेर साताऱ्याहून आलेली आई, सासूबाई आणि नवरा बसलेले. नवऱ्याचा फोन एकसारखा वाजतोय: काय झालं? रात्री नऊच्या सुमाराला नातेवाइकांपैकी कुणीतरी तोंड उघडतं, "पोरीचे किती हाल करायचे? सिझर करून मोकळं करा."

या बारा-चौदा तासांत काही बिघडलं का? बहुतेक वेळा नाही. बोटं म्हणजे गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं याचं माप. दिवसभर काम चालू होतं, पण ते या मापात दिसणारं नव्हतं.

गर्भपिशवीचं तोंड म्हणजे साधारण तीन-चार सेंटीमीटर लांबीचा, घट्ट, मागच्या बाजूला वळलेला भाग. तो उघडण्याआधी मऊ व्हावा लागतो, आखूड आणि पातळ व्हावा लागतो, पुढच्या बाजूला यावा लागतो. सुरुवातीच्या कळांची बरीचशी ताकद यातच खर्ची पडते. त्यामुळे सकाळची दोन बोटं आणि संध्याकाळची दोन बोटं सारखी नसतात. सकाळी तोंड जाड आणि कडक असेल, संध्याकाळी कागदासारखं पातळ झालेलं असेल. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये गुण देण्याची एक पद्धत मांडली, ती आजही सगळीकडे वापरतात. तीत तोंड किती उघडलं हा पाचांपैकी फक्त एक मुद्दा आहे. उरलेले चार म्हणजे ते किती पातळ झालं, किती मऊ झालं, कुठे वळलं आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलं. म्हणून तपासणीनंतर "किती बोटं?" एवढंच विचारून थांबू नका. "पातळ झालंय का? डोकं खाली आलंय का?" हेही विचारा. या उत्तराने बाळंतिणीला जो धीर येतो, तो बाहेरच्या दहा जणांच्या "होईल, होईल" म्हणण्याने येत नाही.

या संथ टप्प्याची नोंद वैद्यकशास्त्राने केव्हाच केली होती. न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन या तरुण डॉक्टरांनी १९५४-५५ मध्ये पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख काढला. त्यात आधी एक लांबलचक, जवळजवळ सपाट रेघ होती आणि मग एकदम चढ. पहिलटकरणीचा हा सपाट भाग २० तासांपर्यंत चालू शकतो आणि आधी बाळंतपण झालेल्या बाईचा १४ तासांपर्यंत, असं त्यांनी नोंदवलं. पण जगभरच्या लेबर रूमनी लक्षात ठेवला तो चढ, तासाला एक सेंटीमीटर. सपाट रेघ विस्मरणात गेली. तीन सेंटीमीटरवर असलेल्या बाईला चढाचं माप लावलं की ती 'मागे पडलेली' दिसणारच. मग कळा वाढवायची सलाईन लागते आणि तिच्या मागोमाग पुढचे उपाय.

ही चूक सुधारायला अर्धं शतक गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० च्या दशकातला तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, तीन सेंटीमीटरपासून खरी प्रसूती धरायचा आणि त्याआधीच्या काळाला आठ तासांची मुदत द्यायचा. २००० मध्ये तो सपाट भाग तक्त्यातून काढला आणि सुरुवात चार सेंटीमीटरवर नेली. आपल्या सरकारी प्रसूतिकक्षांत वापरला जाणारा सोपा पार्टोग्राफही चारपासून सुरू होतो. २०१८ मध्ये संघटनेने आणखी एक पाऊल टाकलं. पाच सेंटीमीटरपर्यंतचा काळ किती असावा याचं ठरावीक माप नाही, तो बाईगणिक बदलतो. आई आणि बाळ ठीक असतील, तर पाचच्या आधी केवळ वेग वाढवण्यासाठी औषध किंवा सिझर करू नये, असं तिने स्पष्ट सांगितलं. पाचनंतर पहिलटकरणीला पूर्ण उघडायला सहसा बारा तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. घड्याळ लावायचं ते तिथून.

मग इतक्या लवकर दाखल का व्हायचं? पुष्कळ जणींनी होऊच नये. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीला महापालिकेची रुग्णालयं आहेत, बेलापूर आणि तुर्भ्याला माता-बाल रुग्णालयं आहेत आणि जवळपास प्रत्येक नोडमध्ये खासगी प्रसूतिगृहं. ज्यांचं घर दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पाणी गेलेलं नाही, बाळाची हालचाल नीट आहे आणि ज्यांना कुठली जोखीम नाही, त्यांना डॉक्टर "घरी जाऊन या" म्हणाले, तर ती हेळसांड समजू नका. घरचं जेवण, आपलं न्हाणीघर आणि आपला बिछाना या टप्प्यात फार कामाला येतात. खासगी ठिकाणी एका दिवसाचं बिलही वाचतं. उलट उरणच्या टोकाच्या गावातून आलेल्या बाईला रात्री परत पाठवण्यात अर्थ नाही. तिने जवळच्या नातेवाइकांकडे थांबावं किंवा वॉर्डात.

काहींना मात्र दाखल राहण्यावाचून पर्याय नसतो. रक्तदाब वाढलेला, मधुमेह, पाणी गेलेलं, तारीख उलटून गेलेली. अशा वेळी कळा मुद्दाम आणवल्या जातात. जेल ठेवतात किंवा गोळी देतात आणि नंतर सलाईन. त्यांच्यासाठी तर हा टप्पा आणखी लांब. तोंड मुळातच तयार नसतं, ते औषधाने तयार करायचं असतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ मध्ये सांगितलं, की आई-बाळ ठीक असतील तर या सुरुवातीच्या टप्प्याला २४ तास किंवा त्याहून जास्त द्यावेत, आणि पाणमोट फोडल्यानंतर निदान १२ ते १८ तास सलाईन चालू ठेवूनच 'कळा आणवणं फसलं' असं म्हणावं. तेव्हा जेल ठेवताना नवऱ्याने ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली असेल, तर ती दोन दिवसांची करून घ्यावी.

आता हे तास काढायचे कसे? सर्वांत उपयोगी पडतं ते सोबतीला बसलेलं माणूस. १९६० च्या दशकात डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात किअरन ओ'ड्रिस्कॉल यांनी प्रसूती लांबू न देण्याची एक पद्धत बसवली. पाणमोट लवकर फोडणं आणि सलाईन लावणं हे तिचे दोन भाग जगभर उचलले गेले. प्रसूती खरोखर सुरू झाली आहे का, हे आधी काटेकोर ठरवायचं आणि प्रत्येक बाईजवळ शेवटपर्यंत एक नर्स बसवायची, हे तिचे उरलेले भाग मागे राहिले. गंमत अशी, की पुढे संशोधनाचा कौल या मागे राहिलेल्या सोबतीलाच मिळाला. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या २६ चाचण्या २०१७ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा सतत सोबत असलेल्या बायकांची प्रसूती थोडी लवकर झाली, सिझर कमी झाली आणि समाधान जास्त होतं. याला शारीरिक कारण आहे. भीतीने शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावतात. ओळखीचा हात पाठीवर असला की भीती उतरते.

भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायला परवानगी दिली. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली घरची बाई, आणि जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवराही. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याच्या २०१७ पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही हे आहे. नाव नोंदवतानाच विचारून ठेवा, की आत कोण येऊ शकेल आणि किती वेळ. सोबतीला कोण बसणार हे घरात आधी ठरवा. माहेर-सासरच्या मानापेक्षा पोरीला कोण हवंय हे महत्त्वाचं. आणि जी बसेल तिने स्वतःच्या अवघड बाळंतपणाची कहाणी त्या दिवशी सांगू नये.

सोबतिणीने करायचं काय? कळ आली की बाईला पलंगाच्या कडेवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून पुढे झुकू द्या. तिच्या मागे उभं राहून तळहाताची टाच कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवा आणि कळ चढेल तसा दाब वाढवा. चोळू नका, दाबून धरा. कमी वाटलं तर ती स्वतः सांगेल, "अजून जोरात." कळ उतरली की हात काढा आणि तिला दोन घोट पाणी द्या. श्वासाचं फार शास्त्र नको, आत घेतलेला श्वास सावकाश तोंडाने सोडायचा, खांदे आणि जबडा सैल. "जोर काढ" मात्र आत्ता कुणी म्हणायचं नाही. तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर काढला तर बाई दमते आणि तोंडाला सूज येऊ शकते.

दिवसा पडून राहू नये. उभं राहणं, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या, खुर्चीवर उलटं बसून पाठीवर डोकं टेकणं. उभ्या किंवा बसत्या स्थितीत असणाऱ्या स्त्रियांचा पहिला टप्पा सरासरी एक तास बावीस मिनिटांनी आखूड झाल्याचं २०१३ च्या एकत्रित अभ्यासात दिसलं. सलाईन लावली असली तरी स्टँडसकट चालता येतं का, हे सिस्टरना विचारा. पण फेऱ्या मारून मारून बाई थकवायचीही नाही. रात्र झाली की दिवा मंद करा, डाव्या कुशीवर झोपवा, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या. दोन कळांमधली सात-आठ मिनिटांची डुलकीही कामाची. बाई अगदीच गळून गेली असेल तर डॉक्टर वेदना कमी करून झोप लागेल असं इंजेक्शन देतात. उठल्यावर बहुतेकींच्या कळा जोर धरतात, काहींच्या पूर्ण थांबतात. दोन्हींतून डॉक्टरांना वाट कळते.

जोखीम नसलेल्या बाईने या टप्प्यात खावं-प्यावं, असाच आजचा सल्ला आहे. तरी सिझरची शक्यता कितपत आहे ते डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून त्यांना विचारून द्या. तांदळाची पेज, मऊ भात, रव्याची पातळ खीर, खजूर, लिंबू सरबत, थोडंथोडं. तुपात न्हालेला शिरा आज नको, उलटी होते. दर दोन तासांनी लघवीला न्या. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही.

फोन एकाच माणसाकडे ठेवा, आणि तो माणूस सोबतिणीखेरीज दुसरा असावा. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'सगळं ठीक आहे, वेळ लागेल, आम्ही कळवू' एवढं लिहून आवाज बंद करा. घाई करायचा दबाव पुष्कळदा डॉक्टरांकडून येत नाही, बाहेरच्या बाकावरून येतो आणि डॉक्टरांवरही पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७ टक्क्यांहून जास्त प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात, सरकारी ठिकाणी १४ टक्क्यांच्या आसपास. या तफावतीमागे कारणं अनेक आहेत. त्यांतलं घरच्यांच्या हातात असलेलं कारण म्हणजे वाट पाहण्याची तयारी.

कुठलाही उपाय सुचवला गेला तर तीन प्रश्न शांतपणे विचारा. बाळाचे ठोके कसे आहेत? आत्ता केलं नाही आणि चार तास थांबलो तर काय होईल? याने नेमकं काय साधायचं आहे? तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटावेरिनसारखी इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास देतात. प्रसूती लांबू नये म्हणून ती देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि रुग्णालयात पोचण्याआधी कुणी दंडात 'कळांचं इंजेक्शन' द्यायला निघालं, तर ठाम नकार द्या. तो डोस नंतर कमी करता येत नाही आणि जोरदार कळांमध्ये बाळाचा प्राणवायू तुटतो. ज्या कळा वाढवायच्या त्या सलाईनमधून, थेंब मोजून आणि ठोके तपासतच.

धीर धरायचा म्हणजे डोळेझाक करायची नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी हिरवट किंवा मातकट आलं, ताजं रक्त वाहू लागलं, ताप आला, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पोट दोन कळांच्या मध्येही दगडासारखं टणकच राहिलं, तर लगेच सिस्टरना बोलवा. घरी असाल तर तिथूनच निघा. १०८ नंबरची रुग्णवाहिका मोफत येते. आधी सिझर झालेल्या बाईने पहिल्या कळेलाच रुग्णालय गाठावं. धोक्याच्या या खुणा दिसल्यावर केलेलं सिझर ही हार नसते, ते त्याच कामासाठी असतं.

हे काही नसेल आणि रात्री नऊला डॉक्टर पुन्हा "दोन-अडीच बोटं, पण छान पातळ झालंय" म्हणाले, तर ती चांगली बातमी समजा. बाकावरच्यांपैकी एकाला ठेवून बाकीच्यांनी घरी जावं, जेवावं, झोपावं. उद्या सकाळी ताज्या माणसांची जास्त गरज पडेल.

पुढच्या भागात : पाच सेंटीमीटरनंतर कळा बदलतात त्या कशा, आणि एपिड्यूरल घ्यावं की नाही.