निरक्षर व्यक्तीची स्मृती तपासताना : चेतामानसशास्त्रीय चाचणी आणि शिक्षण

चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात चाचणी देण्याची पद्धत लवकर शिकवली जाते. आलेल्या गुणांचा अर्थ लावायला मात्र फार वेळ लागतो. हा फरक कळण्यासाठी एकच चाचणी नीट पाहू.

मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन (एमएमएसई) ही चाचणी फोलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. साधारणपणे २४ पेक्षा कमी गुण आले तर स्मृतिभ्रंशाची शंका घेतात. दहा मिनिटांत होणारी असल्याने ती जगभर पसरली.

आता समजा, सत्तरीच्या एक आजी तपासणीला आल्या आहेत. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत, पण भाजी विकून त्यांनी घर चालवले आणि उधारीचा हिशेब आजही तोंडपाठ आहे. चाचणीत १०० मधून सात-सात वजा करायला सांगतात, त्याला ५ गुण. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसे करायचे, १ गुण. एक वाक्य लिहायचे, १ गुण. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे, १ गुण. हे आठही गुण गेले, तर बाकी सगळे अचूक येऊनही आजींना २२ गुण मिळतात. म्हणजे त्यांच्या मेंदूला काहीही झालेले नसताना कागदावर त्या संशयित रुग्ण ठरतात. घरच्यांना ‘आईला डिमेन्शिया आहे’ असे सांगितले गेले, की पैशाचे व्यवहार आणि घरातले निर्णय त्यांच्या हातून हळूहळू काढून घेतले जातात.

हरियाणातील बल्लभगढ परिसरातील खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी केलेले हिंदी रूप १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते नुसते भाषांतर नव्हते. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी परीक्षक म्हणतो, माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे. अवधान पाहण्यासाठी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. प्रत्येक बदलामागचा विचार एकच : आपल्याला नेमके काय मोजायचे आहे, अवधान की शाळा? आकृती उतरवणे मात्र राहिले. ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही, त्या हाताचे चित्र वाचताना माझ्या मते अजूनही सावध राहावे.

दुसरा उपाय प्रमाणकांचा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या चेतामानसशास्त्रीय चाचणीसंचात (२००४) वय आणि लिंग यांबरोबरच निरक्षर, शालेय आणि महाविद्यालयीन अशा शिक्षणगटांनुसार वेगळी प्रमाणके दिली आहेत. त्यामुळे आजींची तुलना पदवीधराशी होत नाही. पण ही प्रमाणके १६ ते ६५ या वयांसाठी आहेत, आणि स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण त्यापुढचे असतात! परीक्षेत हा मुद्दा सहसा कोणी लिहीत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. निवृत्त प्राध्यापकांना २८ गुण मिळतात, पण त्यांची पत्नी सांगते की ते हल्ली तोच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारतात. इथे उंच गुणांनी निर्धास्त होणे चूक. दीर्घ शिक्षणामुळे सुरुवातीचा ऱ्हास अशा सोप्या चाचणीत झाकला जातो.

म्हणून घरच्यांची मुलाखत हा तपासणीचाच भाग मानतात. जेवण झाल्याचे विसरतात का, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते का, पूर्वी जमणारे कोणते काम आता जमत नाही, आणि हे कधीपासून? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण स्मृतिभ्रंश म्हणजे व्यक्तीच्या स्वतःच्या पूर्वीच्या पातळीपासून झालेली घसरण. आजींचा हिशेब दोन वर्षांपूर्वी पक्का होता आणि आता चुकू लागला असेल, तर २२ गुणांना वेगळा अर्थ येतो. तो अजूनही पक्का असेल, तर अहवालात गुणांच्या शेजारीच लिहावे : शालेय शिक्षण नाही, चाचणी अमुक भाषेत घेतली, घरची भाषा अमुक, दैनंदिन व्यवहारात घट आढळली नाही.