राजाश्रय आणि न्यायासन

पदच्युत राजा म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांस निराळे सांगावयास नको. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा हा १८८६ पासून १९१६ साली देहान्त होईपर्यंत याच गावी नजरकैदेत होता, आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही शहरात उभा आहे. थिबाचे राज्य इंग्रजांनी लढाई करून घेतले. परंतु पुढे चाळीस वर्षांनी एका मराठी राजाची गादी गेली, ती एकाही तोफेचा बार न होता. मुंबईच्या हायकोर्टात चाललेल्या एका फौजदारी खटल्याने ती हालविली. हा खटला म्हणजे १९२५ सालचा बावला खून खटला, आणि तो राजा म्हणजे इंदूरचे तुकोजीराव होळकर, तिसरे.

या प्रकरणाकडे लोक बहुधा राजेरजवाड्यांच्या रंगेल आयुष्यातील एक कथा म्हणून पाहतात. वस्तुतः त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कलावंताला जो पोसतो, त्याचा त्या कलावंताच्या देहावर आणि स्वातंत्र्यावर कितपत अधिकार पोहोचतो, हा तो प्रश्न होय. राजे गेले, संस्थाने गेली, तरी हा प्रश्न मात्र गेलेला नाही.

तुकोजीरावांचा जन्म १८९० चा. वडील शिवाजीराव यांनी राजत्याग केल्यामुळे १९०३ साली, अवघ्या बाराव्या वर्षी, ते गादीवर आले आणि १९११ साली त्यांस राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्या काळी इंदूरचा दरबार गाण्याबजावण्याचे मोठे पीठ होता. ध्रुपदगायक नसीरुद्दीन खाँ डागर हे त्या दरबाराच्या आश्रयास होते. पुढे ‘डागर बंधू’ म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते मोइनुद्दीन व अमीनुद्दीन हे त्यांचेच पुत्र. ख्यालगायकीत ज्यांनी आपला स्वतंत्र मार्ग निर्माण केला, ते उस्ताद अमीर खाँ हेही इंदुरात लहानाचे मोठे झाले, आणि त्यांचे वडील शमीर खाँ होळकरांच्या पदरी वादक होते. हिंदुस्थानी संगीतावर इंदूरचे हे ऋण आहे, आणि ते मान्य केल्यावाचून पुढील हकीकत सांगणे न्यायाचे होणार नाही.

त्या काळी राजाश्रयाला पर्याय जवळजवळ नव्हता. ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानात १९०२ पासून निघू लागल्या होत्या, तथापि त्यांवर पोट भरणारे कलावंत थोडे. मुंबईचे नभोवाणी केंद्र तर १९२७ च्या जुलैत सुरू झाले. तोवर गवयाला पगार, बिदागी, राहावयास घर आणि म्हातारपणी आधार मिळावयाचा तो दरबारातूनच. हा व्यवहार लेखी कराराने बांधलेला नसे. धन्याची मर्जी हाच करार. पुरुष गवयाची मर्जी खप्पा झाली तर तो दुसऱ्या दरबारची वाट धरी. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी होती. तिचा आश्रय केव्हा संपला आणि कैद केव्हा सुरू झाली हे बाहेरच्यास कळत नसे, आणि ज्यांस कळे त्यांस बोलण्याची सोय नसे, कारण त्यांचेही पोट त्याच दरबारावर चाललेले असे.

मुमताज बेगम ही अशीच एक गाणारी व नाचणारी मुलगी लहान वयातच इंदूरच्या दरबारात आली आणि सुमारे दहा वर्षे महाराजांजवळ राहिली. पुढे न्यायालयात तिने सांगितले की, आपणावर सतत पहारा असे आणि इंदुरात राहण्याची आपली इच्छा उरली नव्हती. तेथे आपणास झालेली मुलगी दायांनी मारून टाकली, असेही तिने शपथेवर सांगितले. मसुरीस नेले जात असता वाटेत दिल्ली येथे ती या पहाऱ्यातून सुटली, आणि अखेर मुंबईस येऊन अब्दुल कादर बावला या तरुण व धनाढ्य व्यापाऱ्याकडे राहू लागली.

१२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी बावला, त्याचा व्यवस्थापक आणि मुमताज मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास निघाले होते. मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने त्यांची वाट अडविली. आतील माणसांनी मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला, बावलावर गोळ्या झाडल्या आणि तिच्या चेहऱ्यावर शस्त्राने वार केले. त्याच वेळी काही इंग्रज लष्करी अधिकारी गोल्फ खेळून त्याच रस्त्याने परतत होते. त्यांपैकी लेफ्टनंट सेगर्ट यांनी स्वतः जखमी होऊनही हल्लेखोरांशी झुंज दिली. हल्लेखोरांपैकी शफी अहमद जागच्या जागी सापडला आणि मुमताज बचावली. बावला मात्र गतप्राण झाला.

हे अधिकारी त्या क्षणी तेथे नसते तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. कदाचित मुमताज पुन्हा पडद्याआड गेली असती आणि खुनाचा धागा कोठेही पोहोचला नसता. येथे प्रथमच असे साक्षीदार उभे राहिले की जे इंदूरच्या मिठाला बांधलेले नव्हते. पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांच्या हाताखाली तपास झाला आणि आरोपींचे धागेदोरे इंदूर संस्थानच्या नोकरवर्गापर्यंत जाऊन पोहोचले.

खटला १९२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा होते. आरोपींत इंदूरच्या लष्करातील बडे अधिकारी सरदार आनंदराव फणसे हे होते, व त्यांचा बचाव बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी केला. निकाल मे महिन्यात लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे या तिघांस फाशीची शिक्षा झाली, तर आणखी काहींस जन्मठेप. फणसे फाशीतून वाचले. न्यायमूर्तींनी निकालाच्या वेळी जे सूचित केले ते शिक्षेइतकेच महत्त्वाचे ठरले. या माणसांच्या मागे आणखी कोणी आहेत, त्यांकडे नेमके बोट दाखविता येत नाही. तथापि जी स्त्री दहा वर्षे इंदूरच्या महाराजांजवळ होती तिला पळविण्याचा यत्न होतो, तेव्हा नजर इंदूरकडे वळणे गैरवाजवी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मग महाराजांवरच खटला का झाला नाही? याचे उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेत आहे. संस्थान हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याच्या हद्दीबाहेर असे, आणि गादीवरील राजाला ब्रिटिश न्यायालयात आरोपी म्हणून उभे करता येत नसे. त्याच्याविषयी निर्णय करावयाचा तो सार्वभौम सत्तेने, म्हणजे व्हाइसरॉयच्या सरकारने. याला मराठी राज्यातलाच पूर्वीचा दाखला होता. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष घालण्याचा आरोप आला, तेव्हा १८७५ साली तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांचे कमिशन बसले. सहा जणांत तीन विरुद्ध तीन असे मतभेद पडले. विषप्रयोग सिद्ध झाला असे म्हणता येईना. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांस पदच्युत करण्यात आले.

तुकोजीरावांपुढे हिंदुस्थान सरकारने दोन वाटा ठेवल्या: चौकशी कमिशनपुढे जावे, अथवा गादी सोडावी. आपल्या कथित संबंधाची याउपर चौकशी होणार नाही, या समजुतीवर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये राजत्याग केला. पुत्र यशवंतराव गादीवर आले. त्यांचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तुकोजीरावांवर कोणत्याही न्यायालयात आरोप ठेवला गेला नाही. म्हणून ते दोषी ठरले नाहीत, आणि निर्दोषही ठरले नाहीत. नोकर फासावर चढावयाचे व धन्याने केवळ गादी सोडावयाची, याला अधःपात म्हणता येईल, परंतु पूर्ण न्याय म्हणता येणार नाही. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी, तिला हिंदू धर्मात घेऊन व शर्मिष्ठा हे नाव देऊन, विवाह केला. राजत्यागानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ते जगले, आणि १९७८ साली पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. खटल्याचा गाजावाजा इतका झाला होता की, त्याच वर्षी, म्हणजे १९२५ सालीच, मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने त्यावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट काढला. लोकांना कथेची गोडी लागली, पण तिच्यातील प्रश्नाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले.

पुढे आश्रयदाता पालटला. दरबारच्या जागी ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या, चित्रपट आणि मोठमोठे निर्माते आले. धन्याची मर्जी हाच करार, ही जुनी रीत मात्र अनेक ठिकाणी तशीच राहिली. अमेरिकेतील फिल स्पेक्टर याचे उदाहरण यासाठी उपयोगी पडेल. १९६० नंतरच्या दशकात गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात त्याने नवे युग आणले. पंडित रविशंकर ज्यात सहभागी होते, त्या १९७१ च्या बांगलादेश साहाय्यार्थ जलशाचे ध्वनिमुद्रणही त्याच्याच देखरेखीखाली झाले. गायिका असलेली त्याची पत्नी व्हेरॉनिका हिने पुढे लिहिले की, तो आपणास घरात कोंडून ठेवीत असे. पिस्तुलाचा धाक दाखविण्याची त्याची सवय पुष्कळांस ठाऊक होती. तरीही लोक तिला प्रतिभावंताचा लहरीपणा म्हणत राहिले. अखेर ३ फेब्रुवारी २००३ रोजी त्याच्या घरी लाना क्लार्कसन ही नटी गोळी लागून मरण पावली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, एप्रिल २००९ मध्ये, तो खुनाचा अपराधी ठरला व त्यास किमान एकोणीस वर्षांची, कमाल जन्मभराची शिक्षा झाली. २०२१ साली तो कैदी असतानाच वारला. या खटल्यात आणखी पाच स्त्रियांनी, त्याने आपल्यावरही बंदूक रोखली होती अशी साक्ष दिली, आणि अनेक वर्षांचे मौन असे न्यायालयात मोडले.

मुंबईचा खटला आणि अमेरिकेतील खटला यांत ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी दोहोंचा सांगाडा एकच आहे. मोठ्या माणसाच्या गुणांचे कौतुक, त्याच्या अन्नावर जगणाऱ्यांचे मौन, बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रीवर अथवा तिला आसरा देणाऱ्यावर हल्ला, आणि शेवटी स्वतंत्र साक्षीदारांमुळे फुटलेली वाचा. फरक आहे तो एवढाच, परंतु तो फार मोठा आहे: मुंबईत न्यायासनाचा हात नोकरांपर्यंत पोहोचला, अमेरिकेत तो खुद्द धन्यापर्यंत गेला.

आपल्या देशातही ती जुनी भिंत आता उरलेली नाही. १९४८ साली इंदूर मध्यभारतात विलीन झाले. १९५० च्या राज्यघटनेने चौदाव्या कलमान्वये कायद्यापुढे सर्वांस समान केले, आणि तेविसाव्या कलमाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी यांस मनाई केली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यताही संपविली. आज तुकोजीरावांच्या जागी कोणी असता, तर राजत्याग करून चौकशीतून सुटण्याची वाट त्याला उघडी राहिली नसती.

परंतु कलमे कागदावर असून भागत नाही. मुलगी गाण्यात वा नाटकात नाव काढू लागली की तिच्या घरच्यांस आनंद होतो, व कोणी मोठा माणूस तिला हाताशी धरतो तेव्हा तो आनंद दुणावतो. अशा वेळी बिदागी किती मिळणार हे सारे विचारतात. करार लेखी आहे काय, त्याची मुदत किती, आणि ही जागा सोडावीशी वाटली तर ती विनाभय सोडता येईल काय, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. मुमताज बेगमच्या वतीने इंदुरात हे विचारणारे कोणी नव्हते. जो आश्रयदाता या प्रश्नाने रागावत नाही, त्याच्याकडे मुलीला निर्धास्तपणे पाठवावे.