इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा नव्हे! मुलांसाठी शाळा निवडताना काय पाहावं?

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेल्या मराठी कुटुंबांसमोर मूल दहा वर्षांचं झालं की एक प्रश्न उभा राहतो. माध्यमिक शाळा सरकारी घ्यायची की खासगी?

आधी नावाचा घोळ समजून घेऊ. ईटन, हॅरो यांसारख्या ‘पब्लिक स्कूल’ या महागड्या खासगी शाळा आहेत. प्रत्यक्षात इंग्लंडमधली 90 टक्क्यांहून अधिक मुलं सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत शिकतात.

खर्च किती?

सरकारी शाळेत फी नसते. गणवेश, सहलींचा खर्च असतो. खासगी शाळांमध्ये वर्षाला 15 हजार पौंडांहून जास्त फी सर्रास दिसते. 1 जानेवारी 2025 पासून त्यावर 20 टक्के व्हॅटही लागू झाला आहे.

प्रवेश कसा मिळतो?

सरकारी शाळेसाठी 31 ऑक्टोबरपर्यंत स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. बहुतेक ठिकाणी घरापासूनचं अंतर महत्त्वाचं ठरतं. त्यामुळे चांगल्या शाळेजवळची घरं महाग असतात. म्हणजे फी वाचते, पण भाडं वाढतं. ग्रामर स्कूल याही सरकारी आणि मोफतच, पण तिथे ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा द्यावी लागते. खासगी शाळा स्वतःची प्रवेश परीक्षा किंवा मुलाखत घेतात.

निकालावर विश्वास ठेवावा का?

खासगी शाळांचे निकाल सरासरीने चांगले असतात. पण अनेक शाळा हुशार मुलंच निवडून घेतात. मग श्रेय शाळेचं की निवडीचं? सरकारी शाळांसाठी ‘प्रोग्रेस 8’ हा आकडा पाहा. अकराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलांनी किती प्रगती केली, हे तो सांगतो. कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये प्राथमिकच्या परीक्षा झाल्या नाहीत. त्या बॅचसाठी हा आकडा नाही.

खासगी शाळेत काय वेगळं?

वर्गात मुलं कमी, खेळ आणि संगीताच्या सोयी जास्त. पण हे प्रत्येक शाळेत असेलच असं नाही. त्यामुळे प्रत्यक्ष भेट द्या. ऑफस्टेड किंवा आयएसआयचा तपासणी अहवालही वाचा. तो ऑनलाइन मोफत मिळतो.

निर्णयाआधी एक हिशेब नक्की करा. फी एका वर्षाची नसते, सात वर्षांची असते. जीसीएसईचा अभ्यास सुरू झाल्यावर पैशांअभावी शाळा बदलावी लागली, तर नव्या शाळेत विषय आणि परीक्षा मंडळ जुळतीलच असं नाही. त्याचा फटका मुलाला बसतो.